सदतीस सेंटांची शेपटी

१

आर्डिस थोरसनबाईंचे बारा हजार डॉलर बेपत्ता आहेत, हे आमच्या चर्चच्या तळघरात उघड झालं. आणि तेही त्यांनी तक्रार केली म्हणून नव्हे. आमच्या नॉर्डबी गावात तक्रार करायची पद्धत नाही. तळ्यावरचा बर्फ फुटून माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला, तरी काठावरून विचारणाऱ्याला तो सांगतो, "ठीक आहे, जरा गारवा आहे."

मार्चमधला बुधवार होता. दर बुधवारी तळघरात म्हाताऱ्या माणसांचे कराचे कागद फुकट भरून मिळतात. मी नंबराच्या चिठ्ठ्या वाटतो आणि कॉफी ओततो. आकड्यांना हात लावायची मला बंदी आहे, आणि ती ज्यांनी घातली त्यांचं मी कौतुकच करतो. आकड्यांच्या टेबलाशी व्हर्ना डाल्की बसते. तिनं चौतीस वर्षं सरकारच्या वजनमापं खात्यात काढली. पेट्रोलचा पंप खरंच गॅलनभर देतो का, आणि काट्यावर अंगठा नसताना खाटकाचं मटण किती भरतं, हे बघायचं तिचं काम. ती निवृत्त झाली तेव्हा तिला निरोप द्यायला पाच गावांचे दुकानदार आले होते. ती खरंच जातेय ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

आर्डिसबाई पंच्याऐंशीच्या. डिसेंबरात कमरेचं हाड मोडून त्या महिनाभर इस्पितळात होत्या. आता चालायची चौकट ठोकत त्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी गुंतवणूक कंपनीचा फॉर्म पुढे ठेवला.

"गेल्या वर्षी निवृत्तीखात्यातून काढले," व्हर्नानं वाचलं, "वीस हजार चारशे तेरा डॉलर सदतीस सेंट. सगळे करपात्र. काय केलंत एवढ्यांचं, आर्डिस? जुगार?"

"आठ हजार छपराला गेले. नाताळच्या आठवड्यात गळायला लागलं होतं."

"आणि बाकीचे?"

हमरस्ता ओलांडायच्या आधी बघतात तसं बाईंनी दोन्हीकडे बघितलं. "वाचनालयाला. मी कंपनीला सांगितलं होतं, यंदा सरकार मला जेवढे सक्तीनं काढायला लावणार आहे, तेवढे परस्पर वाचनालयाच्या नावे काढा."

व्हर्नाचा चेहरा उजळला. "अहो, मग त्यावर कर कसला! साडेसत्तरी ओलांडलेल्या माणसांना सरकारनं एवढी एक मौज ठेवलीय. वरच्या ओळीत वीस हजारांचा पुरा आकडा लिहायचा, खालच्या ओळीत फक्त छपराचे आठ हजार, आणि शेजारी क्यूसीडी, म्हणजे खात्यातून परस्पर दिलेली देणगी, ही तीन अक्षरं. कंपनीचा फॉर्म देणगीबद्दल चकार शब्द काढत नाही, ते आपलं आपणच सांगायचं असतं. फक्त वाचनालयाचं पोचपत्र द्या."

"ते नाही आलं."

"डिसेंबरपासून? आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"म्हणजे काय, व्हर्ना? 'माझे आभार माना' म्हणून दार ठोठावू कुणाचं?" बाई थांबल्या. मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "कंपनीला पाठवलेल्या अर्जाच्या तळाशी एक रिकामी ओळ होती. तिथे मी लिहिलं होतं, जमलं तर नव्या वाचनखोलीला ओरिनचं नाव द्या म्हणून. जमलं तर."

ओरिन थोरसन म्हणजे बाईंचे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. हिमवादळात शाळेची बस यायची नाही, पण ओरिनची गाडी यायची. आता त्यांचं नाव फक्त थडग्यावर आहे, आणि तिथे कोणी वाचायला जात नाही.

व्हर्नानं चर्चच्या फोनवरून वाचनालयाच्या खजिनदारीणबाईंना, डेल्फीन मार्क्वार्टला, फोन लावला. डेल्फीनचा आवाज तीन टेबलांपलीकडे ऐकू येतो.

"आर्डिस थोरसन? अगं, त्यांच्याकडून एक सेंटही आलेला नाही! आणि खोलीचं नाव तर कधीच ठरलं. रविवारी दोन वाजता उद्घाटन. पितळी पाटीसुद्धा आलीय. रॉइस हॅगस्ट्रॉम वाचनकक्ष!"

आर्डिसबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या.

परक्या माणसाला त्यात काही कळलं नसतं. मी नॉर्डबीत जन्मलो. एवढं मोठं आक्रंदन मी गावात याआधी एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा धान्याचं कोठार जळत होतं.

२

"रविवारपर्यंत चार दिवस आहेत," व्हर्ना म्हणाली. "कंपनी म्हणते, वटलेल्या चेकची प्रत हवी तर सहा आठवडे लागतील."

"मग सहा आठवड्यांनी सिद्ध कर."

"अर्विन, पितळी पाटी एकदा भिंतीवर चढली की उतरवायला ठराव लागतो. ठरावाला समिती लागते. समितीला आर्डिसपेक्षा जास्त आयुष्य असतं."

तेव्हा गुरुवारी आम्ही गेलनकडे गेलो. गेलन हा आर्डिसबाईंचा भाचा. वय पन्नास, स्वभाव गोड, आणि हाताला काम नाही. बाईंचं टपाल तोच आणतो. त्याच्या अंगणात एक कोरी करकरीत खोपटी उभी होती: गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बर्फावरून ओढत न्यायची, आत शेगडी, चार खाटा आणि टीव्ही. असल्या खोपटीला दहा-बारा हजार सहज पडतात. व्हर्नानं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"छान आहे. कधी घेतलीस?"

"जानेवारीत. पण घेतली नाही, लागली! दारूच्या गुत्त्यावरच्या मांसाच्या सोडतीत. मी डुकराच्या मांड्यांसाठी तिकीट काढलं होतं, ताई, आणि ही गळ्यात पडली. मांड्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यानं पाकिटातून सोडतीचं तिकीट काढून दाखवलं. असला माणूस काही लपवत असेल तर त्याला स्वतःलाही सापडत नसेल.

"डिसेंबरात मावशीला कंपनीकडून एक पाकीट आलं होतं?"

"आलं ना! मावशी त्याच आठवड्यात पडली. इस्पितळाच्या खाटेवरून मला म्हणाली, ते वाचनालयात पोचव. आतमध्ये नुसता चेक होता, वाचनालयाच्या नावाचा."

"मग तू तो कुणाच्या हातात दिलास?"

गेलननं टोपी काढली, आणि आमच्याकडे माणसं टोपी काढतात ती एक तर चर्चमध्ये, नाही तर चूक कबूल करताना.

"वाचनालय बंद होतं. परत आलेली पुस्तकं टाकायची भिंतीतली फट असते ना, तिच्यात टाकला."

"पाकिटासकट?"

"पाकिटावर मावशीचा पत्ता होता. म्हटलं, चुकून परत तिच्याकडेच आला तर? म्हणून पाकीट फेकलं, आणि नुसता चेक टाकला."

"आणि चेकवर मावशीचं नाव?"

"कुठेच नव्हतं. मला वाटलं, श्रीमंतांच्या चेकवर तसंच असतं."

परतताना व्हर्ना म्हणाली, "वाचनालयाच्या नावाचा चेक गेलनला वटवता आलाच नसता. म्हणजे चेक पोचला, अर्विन. पैसे हरवलेलेच नाहीत."

"मग हरवलं काय?"

"नाव. आणि ते कुणाला तरी सापडलंय."

३

डेल्फीननं आम्हाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसवलं आणि कॉफी विचारली.

"नको, राहू दे," व्हर्ना म्हणाली.

"घे गं थोडी."

"उगीच कशाला त्रास."

"केलेलीच आहे."

"बरं, अर्धा कप."

आमच्याकडे हे असंच चालतं. पहिल्यांदा 'हो' म्हणणारा माणूस उपाशी तरी असतो, नाही तर शिकागोचा.

"डिसेंबरच्या नऊ तारखेला," डेल्फीन सांगू लागली, "पुस्तकांच्या पेटीत चेक सापडला. स्वयंपाकाच्या दोन पुस्तकांच्या मध्ये. वर गुंतवणूक कंपनीचं नाव. देणाऱ्याचं नाही, पत्ता नाही, चिठ्ठी नाही. या कंपन्या असंच करतात, व्हर्ना. म्हातारी माणसं मनापासून देतात, आणि आम्हाला कळतच नाही कुणाचे पाय धरायचे. मग मी साप्ताहिकात दोन ओळी दिल्या: निवृत्तीखात्यातून परस्पर मोठी देणगी आली आहे, दात्यानं कृपया पुढे यावं."

"आणि रॉइस पुढे आला."

"आला कसला! मीच त्याच्या बोटींच्या दुकानात गेले. एवढे पैसे गावात दुसऱ्या कुणाकडे आहेत? म्हटलं, 'रॉइस, तो तू तर नव्हेस?' तर म्हणाला, 'हो, मीच.'"

व्हर्नाचा अर्धा कप ओठांपाशीच थांबला.

"पहिल्यांदा विचारल्यावर?" मी विचारलं. माझा आवाज थोडा चिरकला असावा.

"पहिल्यांदाच."

"'छे, मी कसला' नाही? 'त्यात काय एवढं' नाही?"

"नाही." डेल्फीननं कप फिरवला. "मला जरा चमकल्यासारखं झालं खरं. पण तो मोठ्या धंद्यातला माणूस. शहरात वावरतो."

"रक्कम किती होती?" व्हर्नानं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. दात्यांची गुप्तता!"

"गावभर तर तो पंधरा हजार म्हणून सांगतोय."

डेल्फीनच्या भुवया वर गेल्या, पण तोंड मिटलेलंच राहिलं.

"बरं, रक्कम नको सांगूस," व्हर्ना म्हणाली. "डॉलर गुप्त. पण सेंट? सेंटांची गुप्तता कुणाच्या घटनेत लिहिलीय?"

डेल्फीननं घटना मनातल्या मनात चाळली. "सदतीस," ती म्हणाली.

व्हर्ना हसली. वजनमापं खात्यात तिचं हे हसू प्रसिद्ध होतं. ते बघून एका पंपवाल्यानं दारूचं, आणि एका दारूवाल्यानं पंपाचं दुकान काढलं होतं.

पण डेल्फीन वस्ताद निघाली. "तुला काय म्हणायचंय ते कळलं मला. पण ते सेंट मीही विचारले होते त्याला. तो म्हणाला, एक जुनं छोटं निवृत्तीखातं होतं, ते झटकून रिकामं केलं, शेवटच्या सेंटापर्यंत. चेकवर चार डिसेंबरची तारीख आहे, आणि तारीखही त्यानं बरोबर सांगितली."

"आधी सांगितली, की तू पोचपत्र दिल्यावर?"

डेल्फीनची मान लाल झाली. "सदतीस सेंटांच्या शेपटीला धरून मी भिंतीवरचा अख्खा माणूस उतरवू का, व्हर्ना? तो उद्या म्हणेल, योगायोग. पुरावा आण. आणि रविवारी भर सभेत त्याला खोटारडा म्हणालीस, तर मी तुला ओळखत नाही."

४

शुक्रवारी आम्ही बोटींच्या दुकानात गेलो. रॉइस हॅगस्ट्रॉम बोटी विकतो, जमिनी विकतो, आणि गेल्या निवडणुकीत सरपंचपदासाठी त्यानं स्वतःलाही विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक आलं नाही. देखणा माणूस. दात स्वतःचे असावेत, निदान पैसे देऊन झालेले.

"व्हर्ना! ये, ये! बोट हवी का तुला?"

"मला तुझा सल्ला हवाय, रॉइस."

माणसाला गळाला लावायचा असेल तर याहून चांगला किडा नाही. रॉइस खुर्चीत पसरला.

"तळघरात माझ्याकडे म्हातारी माणसं येतात," व्हर्ना म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की मी वळून खात्री केली. "त्यांना देणगी द्यायची असते, पण हे निवृत्तीखात्यातून परस्पर द्यायचं कसं, ते कळत नाही. तू केलंस म्हणे."

"सोप्पं आहे गं! पैसे आपल्या हातात घ्यायचेच नाहीत. खात्यातून थेट संस्थेला. रिटर्नमध्ये वरच्या ओळीत पुरा आकडा, खालच्या ओळीत शून्य, बाजूला ती तीन अक्षरं. एक डॉलरही कर नाही."

"तू केलंसही तसंच?"

"फेब्रुवारीतच पाठवला रिटर्न. स्वतः भरला, संगणकावर. वकील नाही, कुणी नाही."

"किती हुशार रे. हे रविवारी चार शब्दांत सांगशील का सगळ्यांना? तुझ्याकडे बघून दहा जणं देतील."

रॉइसनं मान झुकवली. "गावासाठी काहीही."

व्हर्ना उठली. दारापाशी भिंतीवर एक मोठा फोटो होता: बोटीच्या आकाराचा केक, त्यावर मेणबत्त्या, आणि मागे रॉइससकट सगळं गाव. गावात मीही होतो. मी तोंड भरलेलं असताना टिपला गेलो आहे.

"हा केक काय सुंदर होता," व्हर्ना म्हणाली. "मी सर्दीनं अंथरुणात होते. कधी झाली ही पार्टी?"

"ऑक्टोबरात. बारा तारीख. त्याच दिवशी वाढदिवस ना माझा. सत्तरी! वाटतो का मी सत्तरचा?"

"अजिबात नाही," व्हर्ना म्हणाली. "अजून वेळ आहे तुला."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "तू त्याला व्यासपीठ दिलंस! आर्डिस समोर बसणार, आणि हा त्यांच्याच देणगीवर भाषण ठोकणार!"

"काटा तपासायचा तर आधी सपाट जागेवर ठेवावा लागतो, अर्विन," ती म्हणाली. "आणि मापात पाप करणाऱ्याला मी कधीही 'पापी' म्हटलेलं नाही. मी फक्त त्याच्या काट्यावर खरं वजन ठेवते. बोंब काटाच मारतो."

५

रविवारी वाचनालयात साठ-सत्तर माणसं जमली. तीन प्रकारची हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भट्टीत भाजलेला रगडा, होती, तिन्ही सारखीच. नव्या खोलीच्या दारावर पितळी पाटी रुमालाखाली झाकलेली होती. आर्डिसबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, चर्चचा निळा कोट घालून. त्यांना येऊ नका म्हटलं तर म्हणाल्या, "खोली तर वाचायचीच आहे ना? मग बघायला काय हरकत."

डेल्फीननं प्रास्ताविक केलं. मग रॉइस उठला. त्यानं पुस्तकांविषयी सांगितलं, ती त्याला लहानपणापासून आवडत असल्याचं सांगितलं, आणि नाव एकाचंही सांगितलं नाही. मग तो देणगीवर आला.

"मित्रहो, पैसे हातात घेऊच नका! चार डिसेंबरला माझ्या खात्यातून थेट इथे आले. वरच्या ओळीत पुरा आकडा, खालच्या ओळीत शून्य!"

टाळ्या पडल्या. व्हर्नानं हात वर केला.

"रॉइस, एक शंका आहे. माझ्या तळघरातल्या मंडळींसाठी. ही सवलत कितव्या वर्षापासून?"

"म्हातारपणी," रॉइस हसला. "आपल्यासारख्यांना."

"सत्तर वर्षं आणि सहा महिने," व्हर्ना म्हणाली. "पैसे निघाले त्या दिवशी पुरे झालेले हवेत. एक दिवस कमी चालत नाही. आता, ऑक्टोबरच्या बाराला तुला सत्तर पुरी झाली. केक आम्ही सगळ्यांनी खाल्ला."

"मी नाही खाल्ला," मागून कोणीतरी म्हणालं. "संपला होता."

"तेव्हा चार डिसेंबरला तू सत्तर वर्षं आणि दोन महिन्यांच्या आतबाहेर होतास. म्हणजे तुझ्या त्या खालच्या ओळीत शून्य लिहिणं म्हणजे सरकारला फसवणं. आणि ते तू आत्ता सत्तर साक्षीदारांसमोर सांगितलंस."

हॉटडिशचे चमचे थांबले. रॉइसचे दात दिसेनासे झाले. त्याच्यासमोर दोन दारं होती: देणगी खरी म्हणावी तर सरकारचा चोर, आणि शून्य खोटं म्हणावं तर गावासमोर फुशारक्या मारणारा. पण तो बोटी विकणारा माणूस, तिसरं दार त्याला दिसणारच.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "चूकच झाली म्हणायची. प्रामाणिक चूक! रिटर्न दुरुस्त करून पाठवीन, कर भरीन. पण देणगी तर दिली ना? देणगी माझीच!"

माणसं पुटपुटू लागली. हे पटण्यासारखं होतं. डेल्फीन रुमालाकडे सरकली.

"अगदी बरोबर," व्हर्ना म्हणाली. "चूक कुणाचीही होते. आणि दुरुस्ती मी आत्ता इथेच फुकट करून देते. निवृत्तीखात्यातून कोणी पैसे काढले, की कंपनी जानेवारीत त्याला एक फॉर्म पाठवते. तेवढा दाखव."

"तो... घरी आहे."

"घर दोन मिनिटांवर आहे. आम्ही थांबतो. कॉफी शंभर कपांची केलीय."

रॉइसनं सगळ्यांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे अत्यंत सभ्यपणे बघत होते. नॉर्डबीत याहून भयंकर दृश्य नाही. त्यानं कोट घेतला. "आलोच," तो म्हणाला.

आम्ही थांबलो. गेलन खिडकीशी उभा राहून बघत होता.

"गाडीत बसला," त्यानं सांगितलं. "निघाला. चर्चच्या कोपऱ्यावर वळला. आता घर येईल... आलं." गेलन खिडकीला नाक लावून वाकला. "गेलं."

"काय गेलं?"

"घर. तो थांबलाच नाही. दक्षिणेला लागला, हमरस्त्याला."

कोणी हसलं नाही. फक्त डेल्फीन उठली, पाटीवरचा रुमाल न काढता पाटी रुमालासकट उतरवली आणि टेबलाखाली ठेवली. मग हात पुसले.

"आयत्या बिळावर नागोबा," चर्चच्या पास्टरांच्या पत्नी म्हणाल्या. त्या असलं कधी बोलत नाहीत.

"पण मग बीळ कुणाचं?" डेल्फीननं विचारलं. "हा नव्हे, हे कळलं. पण दुसरं कोणी आहे याचा पुरावा काय, व्हर्ना?"

"आहे. पण तो माझा नाही. मी दुसऱ्याचे कागद बघते, मला तोंड उघडायची परवानगी नाही." व्हर्नानं पहिल्या रांगेकडे बघितलं. "ज्यांचा आहे त्यांनी सांगितलं तरच."

आर्डिसबाई कोटाच्या बटणाशी चाळा करत होत्या. सत्तर माणसं बघत असताना स्वतःचं दान बोलून दाखवायचं! पंच्याऐंशी वर्षांत त्यांनी एवढं निर्लज्ज काम कधी केलं नव्हतं. मग त्यांनी दारावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "ओरिनसाठी सांग."

मुलांच्या चित्रांचा फळा कोपऱ्यात होता. त्यावरचं बदक पुसून व्हर्नानं खडू उचलला.

"माणूस मनानं देणगी देतो तेव्हा दहा हजार देतो, पंधरा हजार देतो. सदतीस सेंट कोणी मनानं देत नाही. हा आकडा माणसानं ठरवलेला नाही. विशिष्ट वयानंतर सरकार दर वर्षी खात्यातून सक्तीनं पैसे काढायला लावतं. आदल्या वर्षअखेरीची शिल्लक घ्यायची, आणि वयाच्या तक्त्यातल्या आकड्यानं भागायची. ज्याचं वय वेगळं, त्याचा आकडा वेगळा. सत्तरच्या माणसाला तर सक्तीच नाही. डेल्फीन, चेकची रक्कम?"

"गुप्त..." डेल्फीन म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. "बारा हजार चारशे तेरा. सदतीस सेंट."

"पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला सोळानं भागतात. तेव्हा आपण उलट जाऊ. सोळानं गुणू." खडू खरखरला. "एक लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे तेरा, ब्याण्णव सेंट. आर्डिस, तुमचा कंपनीचा त्या आदल्या वर्षअखेरीचा कागद."

आर्डिसबाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढून डेल्फीनच्या हाती दिला. डेल्फीननं कागद बघितला. फळा बघितला. पुन्हा कागद बघितला.

"एक लाख," ती वाचू लागली, "अठ्ठ्याण्णव हजार... सहाशे तेरा..." इथे तिचा तीन टेबलांपलीकडे ऐकू जाणारा आवाज फुटला. "ब्याण्णव सेंट!"

नॉर्डबीत उभं राहून टाळ्या वाजवत नाहीत. मागच्याला दिसत नाही म्हणून. त्या दिवशी सगळेच उभे राहिले, त्यामुळे मागच्याला तक्रार करायला जागा उरली नाही. गेलननं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आर्डिसबाई "बसा, बसा ना" म्हणत राहिल्या आणि कोणी बसलं नाही. सगळ्यात मागे एक शेतकरी उभा होता, साठीचा आडदांड माणूस. तो ओरडला, "ओरिननं मला बर्फातून पुस्तकं आणून दिली होती! सात मैल!" मग दुसरा कोणी म्हणाला, "मला नऊ!" आणि पाच मिनिटांत ओरिन थोरसन मेल्यानंतरच्या अकरा वर्षांत झाला नव्हता एवढा जिवंत झाला.

समितीचे सातही सभासद हजर होते, तेव्हा ठराव कॉफीच्या भांड्याशीच झाला. मुलांच्या विभागातली रंगीत कापडी अक्षरं आणून डेल्फीननं खुर्चीवर चढून स्वतः दारावर लावली. अक्षरं थोडी वाकडी बसली, पण नाव लांबून वाचता येत होतं.

सोमवारी सकाळी रॉइसचा डेल्फीनला फोन आला. कुठल्या तरी दुसऱ्या देणगीशी गल्लत झाली म्हणे. आपलं पोचपत्र तो टपालानं परत पाठवत होता, आणि तळघरात बुधवारी रिटर्न दुरुस्त करून मिळतात का, अशी त्यानं चौकशी केली. म्हणजे त्या पोचपत्रावर त्यानं करातही काही कापून घेतलं असावं. मी त्याच्यासाठी चाळीस नंबरची चिठ्ठी राखून ठेवली. आमच्याकडे एका दिवसात पंचवीसच होतात.

बुधवारी आर्डिसबाई पुन्हा व्हर्नाच्या टेबलाशी बसल्या. डेल्फीन स्वतः आली होती, पोचपत्र घेऊन. ते तिनं हातानं लिहिलं होतं, आणि दोनदा माफी मागायला जागा कमी पडली म्हणून समासातही मागितली होती. व्हर्नानं वरच्या ओळीत वीस हजारांचा पुरा आकडा लिहिला, खालच्या ओळीत आठ हजार, आणि शेजारी तीन अक्षरं.

आर्डिसबाई चष्मा लावून पोचपत्र वाचत होत्या. शेवटच्या ओळीशी थांबल्या.

"हे काय लिहिलंय? 'या देणगीच्या बदल्यात दात्याला काहीही मिळालेलं नाही.'"

"ते लिहावंच लागतं, आर्डिस," व्हर्ना म्हणाली. "कायद्याचं वाक्य आहे. बदल्यात काही मिळालं असेल तर सवलत जाते."

"पण मग हे खोटं आहे." बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. "काल मी तासभर त्या खोलीत बसले होते. एक लहान मुलगी दाराशी थांबली आणि नाव मोठ्यानं वाचलं. मग आईला विचारलं, ओरिन थोरसन कोण? आणि तिच्या आईनं सांगितलं, व्हर्ना. तिला ठाऊक होतं."

व्हर्नानं चष्मा काढला. चौतीस वर्षांत कुठलंही माप तिनं कमी लिहून घेतलं नव्हतं, आणि जास्तही नाही.

"रिटर्नवर सही करा," ती म्हणाली. "असल्या गोष्टींचं वजनमाप सरकारकडे नाही."

आर्डिसबाईंनी सही केली.